थोडक्यात निभावले त्याची नोंद : बारामती–इंदापूरच्या कारखान्यांतील सुरक्षा आणि कामगारांचा सहभाग

औद्योगिक सुरक्षा म्हटले की पिवळी हेल्मेट, प्रवेशद्वारावरचे घोषणाफलक आणि दर वर्षी ४ मार्चला सामूहिकपणे घेतली जाणारी शपथ एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. परंतु अभ्यासविषय म्हणून या संज्ञेचा अर्थ याहून नेमका आहे. यंत्र, पदार्थ, जागा आणि काम करण्याची पद्धत या चारींत दडलेला धोका आधी ओळखणे, तो शक्यतो मुळातूनच काढून टाकणे आणि जो काढता येत नाही त्याच्यापासून माणसाला दूर ठेवणे, अशी ही तीन पायऱ्यांची व्यवस्था होय. त्यांतील पहिलीच पायरी कचेरीत बसून चढता येत नाही, कारण कोणता पट्टा पावसाळी हवेत घसरतो, कोणत्या जिन्यावर रात्री रसाचा चिकटा साचतो आणि कोणत्या पंपाजवळचा दिवा आठवडाभर बंद आहे, हे त्या जागी आठ तास उभे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. उलट, एखाद्या टाकीत साठलेला वायू किती घातक आहे हे त्याच कामगाराला कितीही वर्षांच्या अनुभवाने कळेलच असे नाही. ते कुणीतरी उपकरणाने मोजून त्याला सांगावे लागते. सुरक्षेतील कामगारांचा सहभाग म्हणजे या दोन प्रकारच्या ज्ञानांची दुतर्फा देवाणघेवाण होय, आणि ती एका बाजूने थांबली की दुसऱ्या बाजूचे ज्ञानही फुकट जाते.

ही देवाणघेवाण समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके विशेष सोयीचे आहेत. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या अवर्षणग्रस्त भागात ऊस आणला आणि उसामागून कारखाने आले. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभारला, त्याभोवती वालचंदनगर वसले, आणि तेथील यंत्रशाळा पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवता बनवता अणुऊर्जा आणि अवकाश कार्यक्रमांसाठी जड सुटे भाग घडवू लागली. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने निघाले: बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वरनगर, इंदापूर तालुक्यात भवानीनगर, बिजवडी आणि शहाजीनगर. भिगवणजवळ कागदाची गिरणी आली, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने, पोलादी नळ्या, दुग्धप्रक्रिया आणि चॉकलेट असे एकमेकांशी काहीही नाते नसलेले उद्योग शेजारी शेजारी उभे राहिले. त्यामुळे उसाचा रस, तापलेले पोलाद, शीतगृहातला अमोनिया आणि कागदाचा लगदा अशा अगदी निरनिराळ्या जातींचे धोके तासाभराच्या अंतरात सापडतात. पुढील विवेचन मुख्यत्वे साखर कारखान्याचे आहे, कारण या मुलखातील घराघरांशी संबंध त्याचाच येतो.

साखर कारखाना हा शब्द आता काहीसा फसवा झाला आहे. पूर्वी गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन आणि सेंट्रिफ्युगल एवढा पसारा म्हणजे कारखाना होता. आज त्याला जोडून सहवीजनिर्मिती प्रकल्प असतो, म्हणजे बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) जाळून उच्च दाबाची वाफ तयार करायची, तिच्यावर वीज निर्माण करायची आणि तीच वाफ पुढे साखरेसाठी वापरायची. त्याशिवाय आसवनी, म्हणजे मळीपासून किंवा थेट रसापासून अल्कोहोल तयार करणारा विभाग असतो, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या राष्ट्रीय धोरणामुळे या विभागाचे महत्त्व गेल्या काही वर्षांत फार वाढले आहे. परिणामी एकाच कुंपणात यंत्रशाळा, वीजकेंद्र आणि रासायनिक कारखाना असे तीन उद्योग नांदतात. मिलवर तीस वर्षे काढलेल्या फिटरला बेअरिंगच्या आवाजावरून बिघाड कळतो. इथेनॉलची वाफ मात्र आवाज करीत नाही, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते, हवेत तिचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेले तरी एक ठिणगी पुरते, आणि तिची ज्योत भर उन्हात नीट दिसतही नाही. जुन्या धोक्यांच्या बाबतीत कामगाराने सांगावे आणि अभियंत्याने ऐकावे, नव्या धोक्यांच्या बाबतीत बरेचदा याच्या उलट घडावे, अशी ही स्थिती आहे.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झालेला दिसतो. भारतातील पहिला कारखाने अधिनियम १८८१ चा. त्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघात कळवणे एवढीच सुरक्षेची तरतूद होती आणि कामगाराकडे केवळ संरक्षण द्यावयाची व्यक्ती म्हणून पाहिले होते. १९४८ च्या अधिनियमाने यंत्रांचे कुंपण, उचलयंत्रे, दाबाची भांडी, धोकादायक वायू यांचे तपशीलवार नियम घातले, परंतु कामगाराला या व्यवस्थेत बोलण्याचा अधिकार द्यावा ही कल्पना तेथेही नव्हती. ती आली भोपाळच्या कारखान्यातील वायुदुर्घटनेनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री जे घडले त्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला होता आणि कामगार संघटनेने धोक्याचा इशारा दिला होता. तो ऐकून घेण्याची सक्ती कुणावरही नव्हती. १९८७ च्या दुरुस्तीने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यातील कलम ४१-छ नुसार, घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात व्यवस्थापनाचे आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती नेमणे बंधनकारक झाले. कलम ४१-ख ने धोक्यांची माहिती कामगारांना, शासनाला आणि आसपासच्या रहिवाशांनाही देण्याचे कर्तव्य भोगवटादारावर टाकले. भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण आहे ती व्यक्ती.

यात एक बारकावा आहे, आणि ऊसपट्ट्यात तो महत्त्वाचा ठरतो. घातक उद्योगांची जी पहिली अनुसूची या अधिनियमाला जोडली होती तिच्यात साखर हा उद्योग नावाने नव्हता. आसवनी होती, वीजनिर्मिती होती, कागद आणि लगदा होता, ओतशाळा होती. म्हणजे एकाच कुंपणाच्या आत आसवनीतील कामगाराला जे अधिकार निःसंशय मिळत ते गव्हाणीवरच्या कामगाराला त्याच कलमाने मिळत की नाही, असा वाद घालता येत असे. हात मात्र गव्हाणीवरही तुटतो. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही भिंत काहीशी सैल केली आहे: तिच्या कलम २२ नुसार शासन कोणत्याही आस्थापनेला किंवा आस्थापनांच्या वर्गाला सुरक्षा समिती नेमण्याचा आदेश देऊ शकते, समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत, आणि पाचशे कामगार असलेल्या कारखान्यात, घातक प्रक्रिया असेल तर अडीचशे कामगारांवरच, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. जुन्या अधिनियमात हा आकडा सर्वसाधारण कारखान्यासाठी एक हजार होता.

कागदावरच्या या तरतुदी प्रत्यक्ष कामात कशा उतरतात हे पाहण्यासाठी गव्हाणीपासूनच सुरुवात करणे योग्य. गव्हाण म्हणजे ऊस मिलकडे वाहून नेणारा रुंद साखळीपट्टा. हंगामाच्या प्रारंभी तिची पूजा होऊन तिच्यात उसाची पहिली मोळी टाकली जाते. ऊस पुढे कटरच्या पात्यांखाली आणि मग फायब्रायझरखाली जातो, जेथे वेगाने फिरणारे हातोडे त्याचा भुगा करतात, आणि तेथून मिलच्या दातेरी रोलांमध्ये. एकमेकांकडे फिरणाऱ्या दोन रोलांमधील फट जे जे सापडेल ते आत ओढून घेते. उसाची कांडी, गळ्यातल्या टॉवेलचे टोक आणि माणसाचे बोट यांत तिला फरक करता येत नाही. म्हणूनच १९४८ च्या अधिनियमातील कलम २२ ने चालू यंत्राजवळ जाण्याची परवानगी फक्त प्रशिक्षित, नोंदवहीत नाव असलेल्या आणि अंगासरशी कपडे घातलेल्या कामगाराला दिली होती. नियम जुना आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही तो मोडला जातो. तो कसा मोडला जातो, हे कळल्याशिवाय तो पाळला जाणार नाही.

रात्रपाळीचे दोन वाजलेले आहेत, उसाच्या मोळीतून ट्रॉलीच्या साखळीचा तुकडा आला आहे आणि गव्हाण अडकली आहे. केनयार्डमध्ये ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे, मिल रिकामी फिरते आहे, बॉयलरचा दाब सांभाळावा लागतो आहे, आणि थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब सकाळी विचारला जाणार आहे. अशा वेळी पहार घेऊन आत उतरणारा कामगार बेफिकीर नसतो. तो कारखान्याचा खोळंबा वाचवत असतो, आणि बरेचदा आपल्या भावकीतल्या कुणाच्या तरी उसाचाही. गव्हाणीचे बटण असलेला नियंत्रणकक्ष दूर असतो, तेथून अडकलेली जागा दिसत नाही, आणि आवाजामुळे ओरडलेले ऐकू येत नाही. ‘निघाला का?’ या प्रश्नाचे ‘निघाला’ हे उत्तर साखळीविषयी होते की माणसाविषयी, एवढ्या गैरसमजावर एखाद्याचा पाय जाऊ शकतो.

यावर जगभर मान्य झालेला उपाय म्हणजे कुलूप आणि पाटी, ज्याला कारखान्यांत लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. दुरुस्तीला उतरण्यापूर्वी त्या यंत्राचा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे, त्यावर काम करणाऱ्याच्या नावाची पाटी लावायची आणि किल्ली त्याच्याच खिशात ठेवायची. दोन फिटर आणि एक मदतनीस उतरणार असतील तर तीन कुलपे लागतात, आणि शेवटचे कुलूप निघेपर्यंत कुणाच्याही हुकुमाने यंत्र सुरू होत नाही. यानंतर बटण दाबून यंत्र खरोखर मेलेले आहे याची खात्री करायची, कारण साखळीपट्ट्यात ताण आणि दाबाच्या तेलात ऊर्जा वीज गेल्यावरही शिल्लक असते. या पद्धतीचे खरे मर्म त्या धातूच्या कुलपात नसून किल्ली कुणाच्या खिशात आहे यात आहे. जेथे सोयीसाठी सगळ्या किल्ल्या शिफ्ट इंजिनिअरच्या टेबलावर ठेवल्या जातात तेथे कुलूप दिसते, पाटी दिसते, तपासणी अहवालात रकानाही भरला जातो, परंतु जिवाचा निर्णय जिवाच्या धन्याकडून काढून घेतलेला असतो. गव्हाणीजवळच, हाताच्या अंतरावर, ओढताक्षणी यंत्र बंद पाडणारी दोरी बसवावी ही साधी सूचना सुचते ती खाली उतरलेल्याला. ती वर पोहोचते का, हा सहभागाचा प्रश्न.

टाकीच्या बाबतीत मात्र अनुभव उलट फसवतो. बंदिस्त जागा म्हणजे आत जाण्यायेण्याची वाट अरुंद आणि हवा खेळती नसलेली कोणतीही जागा: मळीची टाकी, आसवनीतील किण्वनाचे पिंप, बॉयलरचा ड्रम, सांडपाणी शुद्धीकरणाची विहीर. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेला की जागा असुरक्षित मानतात, आणि दहा टक्क्यांखाली माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी बसून प्राणवायूला वर ढकलतो. आसवनीच्या स्पेंटवॉशमधून, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळसर सांडपाण्यातून, हायड्रोजन सल्फाइड निघतो, ज्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वास आला की धोका आणि गेला की धोका टळला, हा सगळ्यांचा रोजचा अनुभव. या वायूच्या बाबतीत तोच घातक ठरतो, कारण दहा लाखांत शंभर भाग एवढे प्रमाण झाले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि त्याच्या काही पट प्रमाणात तो थोड्याच वेळात जीव घेतो. म्हणजे वास नाहीसा होणे हेच कधी कधी मृत्यू जवळ आल्याचे लक्षण असते.

या मुलखाला हे शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे टाकीतील विषारी वायूने चार जणांचा मृत्यू झाला. ती जागा कारखान्याची नव्हती, शेतकरी कुटुंबाची होती. बंदिस्त जागेतील दुर्घटनांत जगभर हीच साखळी पुन्हा पुन्हा दिसते, की पहिला कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरणारे त्याच्यामागून जातात. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये यावरचा उपाय असा सांगितला होता की, सक्षम व्यक्तीने तपासणी करून लेखी दाखला दिल्याशिवाय कुणी आत जाऊ नये. किंवा जाणाऱ्याने श्वसनउपकरण घालून कमरेला पट्टा बांधावा आणि त्या पट्ट्याच्या दोरीचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. बाहेरचा हा माणूस बहुधा सर्वांत नवा, सर्वांत कमी पगाराचा मदतनीस असतो, कारण त्याला ‘काही करायचे नसते’. वास्तविक संपूर्ण कामात सर्वांत मोठी जबाबदारी त्याची आहे: जागा न सोडणे, आतल्याशी बोलत राहणे, उत्तर आले नाही तर दोरी ओढणे आणि, सर्वांत अवघड म्हणजे, स्वतः आत उडी न मारणे. जिवाभावाचा माणूस खाली पडलेला असताना काठावर उभे राहणे हे कोणत्याही घोषणेने शिकवता येत नाही. ते दर काही महिन्यांनी प्रत्यक्ष सराव करूनच अंगी येते. एखाद्या कारखान्यात सुरक्षेविषयी किती आस्था आहे हे पाहायचे असेल तर फलक न वाचता या दोरीच्या टोकाशी कुणाला उभे केले आहे ते पाहावे.

बगॅसच्या बाबतीत एवढेच सांगणे पुरे की, साठवलेल्या बगॅसमध्ये वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची धूळ वारंवार श्वासात गेल्यास बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. ताप आणि खोकल्याने सुरू होणारा हा आजार ‘हंगामी सर्दी’ म्हणून अंगावर काढला जातो. साखरेच्या धुळीकडे तर बहुतेक जण धोका म्हणून पाहतच नाहीत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण मृत्युमुखी पडले. साखर स्वच्छ राहावी म्हणून एका वाहक पट्ट्यावर पोलादी आवरण बसवले होते, आणि धूळ बाहेर काढण्याची सोय न केल्यामुळे त्या आवरणाच्या आत ती स्फोटक प्रमाणात साठत गेली. चांगल्या हेतूने केलेला बदल नवा धोका निर्माण करतो, हे तेथे दिसले. म्हणूनच यंत्रात फेरबदल करण्यापूर्वी ते चालवणाऱ्याचे मत घेण्याची पद्धत आता रासायनिक उद्योगांत रूढ झाली आहे.

आता त्या शब्दांकडे वळता येईल जे दर पाळीत कुठे ना कुठे उच्चारले जातात: ‘थोडक्यात निभावले’. वरून पाना पडला, पण माणूस दोन पावले पुढे गेलेला होता. पाइपची जोडणी सुटली, पण गरम रस भिंतीवर गेला. अशा घटनेला सुरक्षाशास्त्रात निअर मिस म्हणतात, म्हणजे ज्यात इजा झाली नाही पण सहज होऊ शकली असती अशी घटना. जपानी कारखान्यांत तिला ‘हियारी-हात्तो’ असे नाव आहे. अंगावर सर्रकन काटा येणे आणि दचकणे असा त्याचा भाव. विमा कंपनीत काम करणारा अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट हाइनरिख याने १९३१ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि इजा न झालेल्या ३०० घटना असतात. हे नेमके प्रमाण सर्व उद्योगांना लागू पडत नाही, आणि त्याने वापरलेली मूळ कागदपत्रे आज तपासायलाही उपलब्ध नाहीत. तरीही मोठा अपघात अचानक आकाशातून पडत नाही, त्याच्या आधी त्याने अनेकदा दार वाजवलेले असते, हे त्याचे निरीक्षण टिकले. त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका आकड्याने मात्र नुकसानच केले. १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात असे त्याने लिहिले, आणि तेव्हापासून चौकशीच्या अहवालात ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ हे शब्द लिहिणे सर्वांना सोयीचे झाले. गव्हाणीजवळ बंद करण्याची दोरी का नव्हती, हा प्रश्न त्या शब्दांखाली गाडला जातो.

निभावलेल्या प्रसंगाची आपल्याकडे उमटणारी पहिली प्रतिक्रिया कृतज्ञतेची असते; देवाला नारळ फुटतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. अडचण एवढीच की नारळ फोडून झाल्यावर वहीत काही लिहिले जात नाही. लिहिले न जाण्याची कारणे साधी आहेत: लिहिणाऱ्याला ‘तू तिथे काय करत होतास?’ असे विचारले जाईल, हंगामी कामगाराला पुढच्या हंगामात बोलावणे येणार नाही अशी भीती वाटेल, आणि मागच्या खेपेला लिहिले त्याचे काय झाले ते कळलेच नव्हते. यांतील तिसरे कारण सर्वांत जास्त नुकसान करते. ज्या नोंदवहीत सूचना, जबाबदार व्यक्ती आणि पूर्ततेची तारीख असे तीन रकाने असून तिसरा रकाना फलकावर सर्वांना दिसेल असा भरला जातो, तीच वही चालते. सूचनापेटीला कुलूप असून ती उघडण्याची तारीख नसेल तर तिच्यात हळूहळू विड्यांची थोटके जमा होतात. इजा न झालेल्या काही घटना, उदाहरणार्थ दाबाचे भांडे फुटणे किंवा उचलयंत्र कोसळणे, शासनाला कळवणे कायद्याने बंधनकारकच आहे. बाकीच्या असंख्य घटना मात्र केवळ परस्परविश्वासावर कागदावर येतात.

सुरक्षा समितीचे यशापयशही याच विश्वासावर ठरते. समसमान प्रतिनिधित्व ही किमान अट झाली. ते प्रतिनिधी कोणत्या विभागाचे, हा पुढचा प्रश्न. साखर कारखान्यात कायम आणि हंगामी असे दोन वर्ग असतात: हंगामी कामगार साधारणतः दिवाळीच्या सुमारास रुजू होतो, गाळप संपल्यावर घरी जातो आणि मधल्या काळासाठी त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो. त्यांच्या जोडीला ठेकेदाराचे कामगार असतात, ज्यांच्यापैकी काही बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले असल्याने मराठी फलक त्यांना वाचता येत नाही आणि इंग्रजी फलक कुणालाच वाचावासा वाटत नाही. टाक्या साफ करणे, बगॅस हलवणे, नळ्यांतील कॅल्शियमचा थर कास्टिक सोड्याने काढणे अशी सर्वांत धोक्याची कामे याच वर्गाकडे जातात. समितीत मात्र बहुधा बसतात ते कायम कामगार, तेही संघटनेचे पदाधिकारी, ज्यांना वेतनकराराच्या वाटाघाटींचा सराव असतो. वेतनाची बैठक ही घासाघीस असते. सुरक्षेची बैठक तशी चालली तर हेल्मेटच्या बदल्यात चहाची वेळ असा व्यवहार सुरू होतो. मळीच्या टाकीत उतरणारा एक ठेका कामगार आणि आसवनीतला रात्रपाळीचा एक ऑपरेटर त्या टेबलाशी बसला, बैठक कचेरीऐवजी दर खेपेस एका विभागात फिरून झाली, तर इतिवृत्त आखूड होते पण कामाचे होते.

कामगाराच्या अधिकाराची मर्यादाही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४१-ज नुसार, जिवाला तातडीचा धोका आहे अशी वाजवी भीती वाटल्यास कामगार ती गोष्ट व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाच्याही निदर्शनास आणू शकत असे. भोगवटादाराला ती पटली नाही तर प्रकरण निरीक्षकाकडे जाई आणि त्याचा निर्णय अंतिम असे. नव्या संहितेतही हा अधिकार कायम आहे. परंतु तो सांगण्याचा अधिकार आहे, थांबण्याचा आहे असे कायदा स्वच्छ शब्दांत म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात मात्र तातडीच्या आणि गंभीर धोक्यापासून स्वतःला दूर करणाऱ्या कामगाराला गैरवाजवी परिणामांपासून संरक्षण द्यावे, असे सांगितले आहे. या दोहोंमधली दरी व्यवस्थापनाला एका कागदाने बुजवता येते: कोणत्याही कामगाराने धोका दिसताच यंत्र थांबवावे आणि त्या थांब्याचा जाब त्याला विचारला जाणार नाही, असे मुख्य अभियंत्याच्या सहीने जाहीर करणे. त्यानंतर पहिल्यांदा कुणी तरी चुकून, विनाकारण गव्हाण थांबवेल. त्या दिवशी त्याला काय ऐकून घ्यावे लागले यावर त्या कागदाची किंमत सगळा कारखाना ठरवतो.

कायद्याची हद्द कारखान्याच्या फाटकाशी संपते, धोक्याची संपत नाही. गाळप हंगामात बारामती–इंदापूर परिसरातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावतात. उसाची मोळी बाजूंनी बाहेर आलेली असते, मागचा दिवा तारेसह लोंबत असतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती काळी भिंत अगदी जवळ गेल्यावर दिसते. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून येणारी ऊसतोड कुटुंबे, फडात कोयता चालवणारे आणि मोळ्या चढवणारे हात, गाडीवान, ट्रॅक्टरचालक हे कुणीही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात आणि म्हणून त्याच्या सुरक्षा समितीतही नसतात. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा हंगामाच्या तोंडाशी होतात हे चांगलेच आहे. पण चिखल आणि पाचोळ्याने आठ दिवसांत झाकलेला रिफ्लेक्टर पुसायला कुणाला सांगायचे, हे ठरवायला वजनकाट्यावरचा कर्मचारी सर्वांत योग्य, कारण प्रत्येक ट्रॉली त्याच्यासमोर थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून तो दिवस सुरक्षा दिन मानला जातो; ऊसपट्ट्यात तो येतो तेव्हा हंगाम संपत आलेला असतो, माणसे थकलेली असतात आणि शपथ घेणाऱ्यांपैकी निम्मे जण महिन्याभरात घरी जायचे असतात. या मुलखाच्या वेळापत्रकात सुरक्षेसाठी खरा काळ त्यानंतर येतो. गाळप थांबल्यावर मिलचे रोल उतरवले जातात, नळ्या साफ होतात, बॉयलर तपासणीसाठी उघडला जातो आणि दुरुस्तीच्या कामांची यादी तयार होते, जी पावसाळाभर पुरते. गव्हाणीजवळची दोरी, जिन्याचा घसरडा पत्रा, टाकीचे अरुंद मनुष्यछिद्र ही सगळी कामे फक्त याच काळात करता येतात. त्यामुळे शेवटची मोळी मिलमधून गेल्यानंतर आणि हंगामी कामगारांचा हिशेब होण्यापूर्वीचे जे चार-सहा दिवस असतात, तेवढ्यात प्रत्येक विभागाच्या माणसांना गोळा करून ‘यंदा कुठे कुठे थोडक्यात निभावले?’ असे विचारले आणि उत्तरे दुरुस्तीच्या यादीत चढवली, तर जूनमध्ये वेल्डर हातात घेईल त्या कामांत त्यांचाही क्रमांक असतो.